आत्याच्या ओव्या आणि आदल्या रात्रीचा अपडेट

आत्या जात्यावर बसली, पहिली मूठ घातली आणि गाऊ लागली. चाळीस मिनिटं गायली. माझ्या हेडफोनमध्ये मात्र तिसऱ्याच ओवीला 'टक्' झालं. पुन्हा झालं, मग पुन्हा. मी कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघतोय हे पाहून ती थांबली. "चुकलं का रं माझं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. चूक मी आदल्या रात्रीच केली होती. गावी निघण्याआधी लॅपटॉपवरची लिनक्स पुढच्या आवृत्तीवर नेली आणि तपासून न बघता बॅग भरली. आधीच्या सहा महिन्यांत चार डिस्ट्रो बदलून झाले होते. प्रत्येक वेळी एखादी सोय नव्याने मिळे आणि बसलेली घडी मोडे.

दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा गायली, पण ओव्या वेगळ्या आल्या. त्या तिला पाठ नसतात, दळता दळता सुचतात.

बिघडलेली ओवी पुन्हा मिळत नाही, म्हणून लिनक्सवर नव्याने रेकॉर्डिंगच्या कामाला लागणाऱ्यांना सांगतो: डिस्ट्रोआधी साउंड कार्ड ठरवा. यूएसबीवर चालणारं, 'क्लास कम्प्लायंट' लिहिलेलं घेतलं की बहुधा वेगळ्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. मग दीर्घकाळ सांभाळली जाणारी एकच आवृत्ती निवडा. मी उबुंटू स्टुडिओची २४.०४ घेतली, कारण ती एलटीएस आहे आणि आवाजाच्या कामाची बरीचशी मांडणी त्यात तयार मिळते. पूर्वी जॅक आणि पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या दोन प्रणालींची सांगड घालताना जीव मेटाकुटीला यायचा. आता ती दोन्ही कामं पाइपवायर करतो, त्याची १.० आवृत्ती २०२३ च्या नोव्हेंबरात आली.

लहान बफरचा हव्यास सोडा, हे मला फार कळकळीने सांगायचंय. ४८,००० हर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरने आवाजाचा घास उचलला नाही, तर तिथे टक् होतं. त्यालाच एक्सरन म्हणतात. मी तो आकडा अभिमानाने ६४ वर ठेवला होता आणि त्याची काहीच गरज नव्हती. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज थेट साउंड कार्डातून ऐकवता येतो, तो कॉम्प्युटरमधून फिरून यावा लागत नाही. मग बफर १०२४ ठेवला, २१ मिलिसेकंद लागले, तरी कुणाचं काय बिघडतं? कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवायचं असेल तेव्हा १२८ किंवा २५६ वर या. आर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सरनच्या जागी खूण करण्याची सोय आहे, ती चालू ठेवा.

आणि काम हाती असताना अपडेट नको. काम संपवा, पूर्ण बॅकअप घ्या, मग अपडेट करा, आणि तासभर रेकॉर्डिंग करून बघितल्याशिवाय कुणाला गायला बसवू नका. नवं काही बघायचंच असेल तर दुसऱ्या डिस्कवर बघा. मी एक वही ठेवतो: कर्नल कोणता, बफर किती, कुठली केबल कुठल्या पोर्टला. तेव्हापासून एकच मांडणी चालू आहे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्या चाळीस मिनिटांतल्या चौदा टकांच्या वेळा आहेत. अकरा मी हाताने पुसले. तीन ठिकाणी शब्दच तुटलाय. तिथे हात लावलेला नाही.