पाया खोदण्याआधी घर जमिनीवर आखा

रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले की सगळ्या घराला आनंद होतो. मग धावपळ सुरू होते ती कागदांची, हप्त्याची, वाळू-सिमेंटची. आतली मांडणी मात्र बहुतेक वेळा मिस्त्रीवर सोडली जाते. "पुढे खोली, मध्ये स्वयंपाक, मागे संडास-मोरी." एवढ्या एका वाक्यात घर ठरते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे आपण त्या वाक्यात राहतो.

आम्ही वस्त्यांत आरोग्याचे काम करतो. आजारी माणसाला भेटायला गेलो की खिडकी कुठे आहे, चूल कुठे आहे, माणूस कुठे झोपतो, हे आधी पाहतो. आईचा दमा, बाळाचा न्यूमोनिया, एकाचा क्षय घरात दुसऱ्याला होणे, म्हाताऱ्या माणसाचे मोरीत घसरून खुबा मोडणे, या सगळ्यांत घराच्या मांडणीचा हात असतो. म्हणून या वेळी औषधांविषयी नाही, घराच्या आराखड्याविषयी बोलू.

जागा किती आणि वारा कुठून?

ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट जागा धरलेली असते. त्यात स्वयंपाकाची जागाही येते. समजा आपले घर आतून ११ फूट रुंद आणि साडेचोवीस फूट लांब आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. वस्तीत बहुतेकांची जागा अशीच असते. अशा घराला वारा आणि उजेड फक्त पुढून आणि मागून मिळतो. म्हणून मागची भिंत ही पुढच्या भिंतीइतकीच मोलाची आहे.

चूक होते ती इथेच. संडास-मोरी मागच्या भिंतीला आडवी टाकली की स्वयंपाकघर मध्ये अडकते. त्याला खिडकी उरत नाही. फोडणीचा धूर, चुलीचा धूर, ओल, सगळे घरातच फिरत राहते. चुलीच्या धुराने बायकांना फुप्फुसाचा जुना आजार जडतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो आणि पाठीवर किंवा मांडीवर असलेल्या बाळाला न्यूमोनियाचा धोका वाढतो.

कोणी म्हणेल, चूल आग्नेयेलाच हवी, संडास ईशान्येला नको. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना एवढेच विचारा, "त्या कोपऱ्यातून धूर बाहेर कुठून जाणार?" धुराला दिशा कळत नाही, त्याला फक्त वाट लागते.

एक आराखडा

घराचे दोन भाग करा. पुढची खोली ११ बाय १२ फूट. मग अर्धा फूट भिंत. मागचा भाग पुन्हा ११ बाय १२ फूट.

मागच्या भागाचे लांबीत दोन पट्टे पाडा. एक साडेसहा फूट रुंद, तो स्वयंपाकाचा. दुसरा चार फूट रुंद. मधल्या भिंतीला अर्धा फूट जातो. चार फुटी पट्ट्यात मागच्या भिंतीला लागून ४ बाय साडेसात फुटांची मोरी आणि संडास एकत्र येतात. भांडे मागच्या टोकाला, वर झरोका. आंघोळीची जागा दाराकडे. तिच्या पुढे ४ बाय साडेचार फूट जागा उरते. मोरीचे दार ओट्याकडे न काढता या जागेत काढा. तिला पडदा लावला की मुलींना, सुनांना कपडे बदलायला आडोसा मिळतो. तोंड धुण्याचे बेसिनही इथेच बसवा, म्हणजे सकाळी एक जण आत असताना दुसऱ्याचे काम अडत नाही. वर अंथरुणांसाठी माळा करता येतो. मागे परसात जागा असेल तर संडास वेगळा काढलेला चांगला.

स्वयंपाकाच्या पट्ट्याला मागची साडेसहा फूट भिंत मिळते. तिच्यात अडीच फुटी दार आणि शेजारी तीन फुटी खिडकी बसते. ओटा खिडकीच्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीने न्या. शेगडी खिडकीजवळ ठेवा, पण झोताच्या अगदी समोर नको, ज्योत विझते. खिडकीला पडदा लावू नका. सिलिंडर जमिनीवर, उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून मागच्या दाराजवळ भिंतीत जमिनीलगत छोटी जाळी ठेवा.

पुढचे दार, मधले दार आणि मागचे दार शक्यतो एका रेषेत घ्या. त्यामुळे आरपार वारा खेळतो आणि आग लागली तर बाहेर पडायला दोन वाटा असतात.

खिडकी किती मोठी?

राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की कोरड्या उष्ण हवेत खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एकदशांश तरी असावे, दमट उष्ण हवेत एकषष्ठांश. आपली पुढची खोली १३२ चौरस फुटांची. विदर्भ-मराठवाड्यात तिला सुमारे १३ चौरस फूट खिडकी हवी, म्हणजे ३ बाय साडेचार फुटांची एक. कोकण-मुंबईकडे २२ चौरस फूट, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना ३ बाय ४ फुटांच्या दोन. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्र्याखाली पुढे-मागे जाळी ठेवा आणि मधली भिंत वरपर्यंत बंद करू नका. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला जागा हवी.

झोपायचे कुठे?

सहा जणांचे अंथरूण रात्री कसे पडेल, हे आधी मांडून पाहा. दारे मध्यावर असली की मधून अडीच फूट वाट मोकळी राहते आणि दोन्ही बाजूंना सुमारे चार-चार फूट अंथरुणाला मिळतात. ही वाट रात्रीही मोकळी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला लघवीला उठताना कोणाला ओलांडावे लागू नये.

घरात कोणाला क्षय असेल तर त्याला पोटमाळ्यावर किंवा बिनखिडकीच्या कोपऱ्यात टाकू नका. वारा ज्या खिडकीतून बाहेर जातो, तिच्याजवळ त्याची जागा करा. त्याच्यावरून आलेली हवा बाकीच्यांवर येऊ नये, एवढेच पाहायचे. औषध नियमित सुरू झाले की संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषध मोफत आहे.

पोटमाळा सामानासाठी ठीक. गरोदर बाई, म्हातारे माणूस, लहान मूल यांना तिथे झोपवू नका. आणि थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीच झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

मोरी, पाणी, वीज

मोरी-संडासाचे दार बाहेर उघडणारे हवे. आत कोणी चक्कर येऊन पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. फरशी खडबडीत घ्या. दर चार फुटांना एक इंच उतार जाळीकडे द्या. उंच उंबरा नको, मोरीची फरशी घराच्या फरशीपेक्षा एक इंच खाली ठेवा. भिंतीत धरायला एक पक्का पाइप बसवा, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला तो आधार होतो.

पाण्याचे पिंप असे ठेवा की आठवड्यातून एकदा रिकामे करून घासता येईल. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. स्विचबोर्ड मोरीपासून लांब घ्या, अर्थिंग करा आणि ईएलसीबी बसवा.

अभ्यासाची जागा

पुढच्या खिडकीखाली दोन फुटांची फळी अभ्यासासाठी राखा. बाबासाहेबांनी परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहून वर्षानुवर्षे अभ्यास केला. जागा थोडी असली तरी पुस्तकाची जागा ठरलेली असावी. त्या फळीवर टीव्ही ठेवू नका.

आता कृती

पाया खोदण्याआधी विहाराच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने किंवा राखेने पूर्ण मापाचे घर आखा. दारे-खिडक्या मोकळ्या सोडा. मग त्यात अंथरुणे टाका, सिलिंडर ठेवा, हंडा घेऊन चालून पाहा. घरातल्या बायकांना, मुलींना आणि म्हाताऱ्यांना त्यात उभे करा, कारण घरात सर्वांत जास्त वेळ तेच असतात. मग मिस्त्रीला बोलावून विचारा:

१. धूर कुठून जाईल?
२. पुढून आलेला वारा मागे कुठून निघेल?
३. रात्री संडासापर्यंत वाट मोकळी आहे का?
४. मुलीला आडोसा आहे का?
५. आजारी माणूस खिडकीजवळ झोपू शकतो का?
६. आग लागली तर दुसरी वाट कोणती?

राखेची रेघ पायाने पुसता येते, विटेची भिंत पाडायला पैसे लागतात. हप्त्याची घाई असली तरी हे काम एका संध्याकाळचे आहे.

ज्यांचे घर आधीच बांधलेले आहे, किंवा ज्यांना मुंबईत पुनर्वसन इमारतीत ३०० चौरस फुटांची खोली मिळाली आहे, त्यांना भिंती हलवता येणार नाहीत. पण कपाट खिडकीवरून हटवता येते. प्लायवूडचा आडोसा छतापर्यंत न नेता सहा फुटांवर थांबवता येतो. मोरीचे दार फिरवून बाहेर उघडणारे करता येते. त्यांनीही वरचे प्रश्न आपल्या घराला विचारावेत आणि जेवढे बदलता येईल तेवढे या महिन्यात बदलावे.

नमो बुद्धाय. जय भीम.