नाऊरूचा दगड

सिडनी शहरात एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार मिटू नये म्हणून एक दगड लावून ठेवलेला असे. तो प्रशांत महासागरातील नाऊरू नावाच्या बेटावरून आलेला होता. १८९९ साली अल्बर्ट एलिस या तेथील कर्मचाऱ्याने त्या दगडाची परीक्षा केली. त्यात स्फुरद हे मूलद्रव्य विपुल असल्याचे आढळले आणि नाऊरूचे भवितव्य पालटले.

स्फुरदावाचून रोपाची मुळे जोम धरीत नाहीत व कणसात दाणा भरत नाही. नत्राचा अफाट साठा हवेत आहे; स्फुरद मात्र जमिनीतूनच मिळावे लागते. त्याचे काम दुसरे कोणतेही द्रव्य करू शकत नाही.

नाऊरू हे अवघे २१ चौरस किलोमीटरांचे बेट. १७९८ साली तेथून जाणाऱ्या एका इंग्रज कप्तानाने त्याला ‘रम्य बेट’ असे नाव दिले होते. १९०७ सालापासून तेथील खडक जहाजे भरभरून जाऊ लागला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेते आणि कुरणे त्या खताने हिरवीगार झाली. १९६८ साली नाऊरू स्वतंत्र झाले, तरी खोदकाम चालूच राहिले. विसावे शतक सरता सरता उत्तम खडक जवळजवळ संपला. आज बेटाच्या मध्यभागी चुनखडीचे उघडे सुळके तेवढे उभे आहेत. ज्या बेटाने परक्यांची शेते पिकविली, त्याच बेटावर आता बहुतेक अन्न जहाजातून येते.

मग ते स्फुरद गेले कोठे? ते नाश पावले नाही. काही पावसाने मातीसह वाहून नेले. काही अन्नातून माणसांच्या पोटात गेले व मैलापाण्याबरोबर बाहेर पडले. असे स्फुरद नदी-तलावांत साचले म्हणजे शेवाळ माजते आणि मासे गुदमरून मरतात. शेवटी ते समुद्राच्या तळाशी गाळात बसते. त्या गाळाचा खडक होऊन तो वर यावयास लक्षावधी वर्षे लागतात. माणसाची भूक तितका काळ थांबत नाही.

म्हणून समुद्रास मिळण्यापूर्वीच हे द्रव्य शेतात परत आणणे शहाणपणाचे. शेणखत व हाडांचा चुरा हेच कार्य करतात. मैल्याच्या खताला मराठी शेतकऱ्याने सोनखत म्हटले, ते उगीच नव्हे. जर्मनीने २०१७ साली नियम करून मोठ्या शहरांना मैलापाण्याच्या गाळातून स्फुरद काढून घेण्यासाठी २०२९ ही मुदत घालून दिली. भारत तर बराचसा स्फुरदाचा खडक मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून विकत आणतो. ज्या मातीने दाणा दिला, तिचा वाटा तिला परत मिळाला पाहिजे. नाहीतर एका बेटावर ओढवले ते साऱ्या पृथ्वीवर ओढवेल.