जलाशयावरील कुरवांची पारख

कोलकाता शहराच्या पूर्वेस उथळ तलावांचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी या तलावांत सोडले जाते. सूर्यप्रकाश, जीवाणू व शैवाल यांच्या योगे ते शुद्ध होते आणि त्यात रोहू, कटला, मृगळ हे मासे पोसले जातात. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशास २००२ साली रामसर कराराच्या यादीत स्थान मिळाले.

अशा पाण्यावर हिवाळ्यात कुरवांचा थवा दिसला, तर त्यात एखादा दुर्मिळ पक्षी कसा शोधावा? प्रथम नेहमीचा पक्षी पूर्णपणे ओळखावयास शिकावे. बंगालमध्ये तो बहुधा तपकिरी डोक्याचा कुरव असतो. लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांवर त्याची वीण होते. हिवाळ्यात मात्र त्याचे डोके पांढरे होते व कानाजवळ काळा ठिपका तेवढा उरतो. म्हणून केवळ नावावरून त्याचा शोध घेऊ नये.

पक्षी उडताना पंखाचे टोक पाहावे. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे टोक काळे असून त्यात पांढरे ठिपके असतात, आणि डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी व डोळा गडद असतो. सडपातळ चोचीचा कुरव आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नियमित येतो, पूर्वेकडे विरळाच. त्याची चोच व मान लांब, कपाळ उतरते आणि कानाजवळचा ठिपका अस्पष्ट किंवा मुळीच नसतो.

येथे घाई घातक ठरते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिलाच्या पंखावर पांढरे ठिपके नसतात व त्याचा डोळाही गडद असतो. नवख्यास ती निराळीच जात वाटते. यास्तव एका लक्षणावर निर्णय देऊ नये. निदान तीन लक्षणे जुळावीत. न जुळल्यास वहीत ‘अनिश्चित’ असे लिहावे. तारीख, वेळ, स्थळ व नेहमीच्या पक्ष्यांची संख्याही नोंदवावी.

या दक्षतेचे कारण उघड आहे. १९६० च्या दशकात याच परिसरातील खारी सरोवरे भरून विधाननगर वसविण्यात आले. पाणी नाहीसे झाल्यावर तेथे कोणते पक्षी येत होते, हे केवळ जुन्या नोंदी सांगू शकतात; आणि त्यांत एक नोंद खोटी ठरली, तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.