जनावरांचा खुंटा : निवड, रोवणी आणि पुनर्वापर

'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. पक्की झालेली गोष्ट पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेणाऱ्यास उद्देशून तो योजला जातो. परंतु त्याचा उगम गोठ्यात आहे. रोवलेला खुंटा हलवून पाहिल्यावाचून त्यास जनावर बांधू नये, हा शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव या चार शब्दांत साठविलेला आहे. या साध्या वस्तूकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण असे की, ग्रामविकासाचा एक महत्त्वाचा निर्णय प्रत्यक्षात तिच्यावरच अवलंबून असतो. तो निर्णय म्हणजे चराईबंदी होय.

हिवरे बाजारचा धडा

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण भागातील गाव. १९७२ च्या दुष्काळाचे चटके सोसलेल्या या गावाचे डोंगर उघडेबोडके झाले होते आणि अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडत होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर आदर्श गाव योजनेतून गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरावर समतल चर खोदले गेले, झाडे लावली गेली, ओढ्यांवर बंधारे झाले. या कार्याची दखल घेऊन श्री. पवार यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला.

या कामांपैकी चर आणि बंधारे पाहुण्यांच्या डोळ्यांत भरतात. चराईबंदी सहसा दिसत नाही. परंतु कोवळी रोपे आणि नवे गवत जनावरांच्या तोंडापासून वाचले नसते, तर चर मातीने भरून गेले असते. चराईबंदी याचा अर्थ जनावरे कमी करा असा नव्हे. राखलेल्या डोंगरावरील गवत विळ्याने कापून आणावे, जनावरांना जागेवर चारावे, असा तिचा अर्थ आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला या गावात रोज सुमारे १५० लिटर दूध निघत असे. पुढे ते प्रमाण ४,००० लिटरवर गेले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

ग्रामसभेत हात वर करून चराईबंदी संमत होते, पण रोज सकाळी ती पाळावी लागते ती गोठ्यात आणि बांधावर. एखाद्या घरचा खुंटा उपटला आणि म्हैस रोपवाटिकेत शिरली, तर नुकसान रोपांचे होतेच. शिवाय 'अमक्याचे जनावर चालते, मग आमचेच का नाही?' असा प्रश्न उभा राहतो आणि सर्वांनी मिळून केलेला नियम सैल पडू लागतो. म्हणून चराईबंदीचा विचार करणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने खुंट्याचाही विचार करणे अगत्याचे आहे.

खुंट्याला बळ कोठून येते?

खुंटा जाड असला की तो भक्कम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः खुंटा मोडल्यामुळे जनावर सुटण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुधा तो उपटून येतो. याचाच अर्थ, कमी पडते ती लोखंडाची ताकद नव्हे, तर मातीची पकड. ही पकड तीन गोष्टींवर ठरते : खोली, मातीला भिडणारी रुंदी आणि ओढीची दिशा.

यांपैकी खोलीचे महत्त्व सर्वाधिक आहे. वरची वीतभर माती नांगराने, पायांनी आणि उन्हापावसाने भुसभुशीत झालेली असते. तिचा आधार नाममात्र असतो. खरी पकड त्याखालच्या घट्ट थरात मिळते. शेळीसाठी ४५ ते ५० सेंटिमीटर आणि गाय, बैल वा म्हैस यांसाठी ६० ते ७५ सेंटिमीटर लांबीचा खुंटा घ्यावा आणि त्याचे केवळ डोके जमिनीवर ठेवून तो पूर्ण ठोकावा. हातभर खुंटा वर ठेवून त्याच्या शेंड्याला दावे बांधणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. असा खुंटा तरफेप्रमाणे काम करतो आणि जनावराच्या थोड्या ओढीनेही हलू लागतो. दावे जमिनीलगत बांधावे, हा पहिला नियम.

दुसरा नियम दिशेचा. तंबूची मेख ओढीच्या विरुद्ध बाजूस कलती ठोकतात, कारण दोराची ओढ नेहमी एकाच बाजूने येते. चरणारे जनावर मात्र खुंट्याभोवती फिरते. एका बाजूला कलता ठोकलेला खुंटा जनावर दुसऱ्या बाजूस गेले की सहज निसटतो. म्हणून जनावराचा खुंटा सरळ उभाच ठोकावा.

तिसरी गोष्ट दाव्याच्या लांबीची. गायीची मान जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर आहे असे धरू. दावे दीड मीटरचे असेल तर ताणल्यावर ते जमिनीशी चाळीस अंशांहून मोठा कोन करते आणि खुंटा वर ओढला जातो. तेच दावे चार मीटरचे असेल तर कोन पंधरा अंशांच्या आत राहतो आणि ओढ जवळजवळ आडवी येते. खुंटा आडवी ओढ चांगली सोसतो; वरच्या ओढीपुढे तो दुबळा ठरतो. दाव्याची लांबी वाढविली म्हणजे जनावराला चारा अधिक मिळतो आणि खुंट्यावरील भारही सुसह्य होतो, हे यावरून ध्यानात येईल.

जमीन पाहून खुंटा निवडावा

बाभळीसारख्या टणक लाकडाचा खुंटा स्वस्त, घरच्या घरी करता येणारा आणि जनावरास इजा न करणारा असतो. मध्यम जमिनीत तो उत्तम काम देतो. मात्र जमिनीच्या पृष्ठालगत, जेथे ओल आणि हवा दोन्ही लागतात, तेथे तो आधी कुजतो. वरून धडधाकट दिसणारा खुंटा याच ठिकाणी मोडतो. म्हणून वापरात असलेला लाकडी खुंटा अधूनमधून काढून पाहावा.

लोखंडी सळई मुरमाड जमिनीस योग्य होय. दख्खनच्या पठारावरील डोंगरउताराला मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम लागतो. तेथे लाकडाचे टोक फुटते; जाड सळई मात्र शिरते आणि मुरमात घट्ट बसते. हीच सळई काळ्या मऊ जमिनीत निरुपयोगी ठरते, कारण ती बारीक असल्याने माती कापत जाते.

अँगलचा तुकडा, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, त्याच वजनाच्या सळईपेक्षा मातीला अधिक रुंदीने भिडतो. त्यामुळे मध्यम व भारी जमिनीत त्याची पकड चांगली असते. त्याच्या वरच्या कडा कानशीने बोथट करून घ्याव्यात आणि दाव्यासाठी कडी जोडून घ्यावी. दावे थेट कडेला बांधल्यास ते कापले जाते.

मळसूत्री खुंटा, म्हणजे खालच्या टोकास पिळाचे पाते असलेला आणि फिरवून जमिनीत बसविला जाणारा खुंटा, भारी जमिनीसाठी विशेष उपयुक्त आहे. वर ओढला गेला तरी पात्यावरील मातीचे वजन त्यास धरून ठेवते. उलटा फिरविला की तो निघतो. म्हणून वारंवार जागा बदलणाऱ्यांना तो सोयीचा आहे. खडकाळ वा गोट्यांच्या जमिनीत मात्र तो बसत नाही आणि जोर लावल्यास पाते वाकते.

जेथे खडक उघडा आहे तेथे खुंट्याचा आग्रह सोडावा आणि जनावर गोठ्यातच बांधावे. जवळचे झाड हाताशी आहे म्हणून त्यास दावे बांधणे योग्य नव्हे. दाव्याच्या घर्षणाने साल सोलली जाते आणि ज्या झाडासाठी चराईबंदी केली तेच झाड वाळते.

काळ्या जमिनीबाबत एक विशेष दक्षता आवश्यक आहे. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात ती चिखलामुळे सैल होते, उन्हाळ्यात खुंट्याभोवतीच फट पडते. म्हणून ऋतू बदलला की खुंटा काढून नव्या जागी रोवावा.

काढणे आणि पुन्हा वापरणे

चांगला खुंटा अनेक वर्षे वापरता यावा. लोखंडी खुंटा काढताना तो आडवा हलवून वाकवू नये. कडीत पहार अडकवून आधी तो जागेवर थोडा फिरवावा, नंतर पहारीखाली दगडाचा टेकू देऊन सरळ वर उचलावा. वारंवार घणाचे घाव बसून डोके पसरते आणि त्याच्या कडा धारदार होतात. अशा कडांनी माणसाचा हात आणि जनावराचा पाय दोन्ही कापतात. त्या वेळीच घासून टाकाव्यात. वाकलेला खुंटा सरळ करून घेतल्यावाचून पुन्हा ठोकू नये. काढलेला खुंटा शेतात पडू देऊ नये आणि पडलेले भोकही बुजवून टाकावे.

रोवल्यानंतर परीक्षा घ्यावी. दोन माणसांनी कासरा धरून चारही दिशांना जोराने ओढावे. खुंटा हलला तर तो अधिक खोल ठोकावा किंवा जागा बदलावी. या परीक्षेस दोन मिनिटेही लागत नाहीत.

दाव्यास बांधलेला जीव

खुंटा जितका पक्का तितकी आपली जबाबदारी मोठी, कारण बांधलेले जनावर स्वतःचा बचाव करू शकत नाही. तीन मीटरच्या दाव्याने सुमारे २८ चौरस मीटर जागा मिळते, चार मीटरच्या दाव्याने सुमारे ५० चौरस मीटर. या वर्तुळात विहीर, ताल, खड्डा किंवा झुडूप असता कामा नये. उंच बांधावरून घसरलेले जनावर दाव्याला लोंबकळून गुदमरते. दोन खुंट्यांतील अंतर दोन्ही दाव्यांच्या एकत्रित लांबीहून किमान एक-दोन मीटर अधिक असावे, म्हणजे दावी एकमेकांत गुंतत नाहीत. खुंटा आणि दावे यांच्यामध्ये भोवरकडी असावी, म्हणजे जनावर फिरले तरी दाव्याला पीळ पडत नाही. मानेभोवती सरकफास कधीही घालू नये. न सरकणारी गाठच मारावी. सावली आणि पाणी यांची सोय असावी.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ अन्वये, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड दाव्याने वा साखळीने जनावर गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. चराईबंदीच्या उत्साहात याचा विसर पडू नये.

फास, पिंजरा आणि बिबट्या

जमिनीत मेख ठोकून जनावर धरण्याचा आणखी एक प्रकार ग्रामीण भागात आढळतो. तो म्हणजे रानडुकरांसाठी शेताच्या कडेस लावलेला तारेचा फास. याबाबत शंकेस जागा राहू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत फास लावणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. फासास रानडुक्कर, बिबट्या वा शेजाऱ्याचा कुत्रा यांतील भेद कळत नाही; मेख जितकी पक्की तितकी अडकलेल्या प्राण्याची तडफड अधिक. पीकनुकसानीसाठी वनविभागाकडे दाद मागावी. फास हा त्यावरील उपाय नव्हे.

बिबट्या दिसला की 'पिंजरा लावा' ही मागणी ग्रामपंचायतीकडे येते. बिबट्या अनुसूची १ मधील प्राणी आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीविना त्यास पकडता येत नाही. पिंजरा लावणे हे वनविभागाचे काम आहे. पिंजऱ्याचे तत्त्व खुंट्याहून वेगळे असते. आतील प्राणी धडका देतो तेव्हा पिंजरा एका बाजूने उचलला जाऊ पाहतो, म्हणजे ओढ वरच्या दिशेने येते. त्यामुळे तो सपाट जागी, सर्व कोपऱ्यांवर पक्का धरला जाणे आवश्यक असते. गावकऱ्यांनी त्यास हात लावू नये आणि भोवती गर्दी करू नये.

पिंजरा पक्का रोवला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचे धोरण राबविल्यानंतर, २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेल्याचे डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. आपल्याच जिल्ह्यातील अकोले परिसरात, ऊसशेती व दाट वस्तीच्या प्रदेशात, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे त्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. एक बिबट्या नेला तरी त्याची जागा दुसरा घेतो. म्हणून खरा उपाय आपल्या हातातील दाव्याशी आहे. सूर्यास्तापूर्वी शेळ्या, वासरे आणि कुत्री उघड्यावरील खुंट्यावरून सोडून बंदिस्त गोठ्यात न्यावीत. रात्री उघड्यावर पक्क्या खुंट्यास बांधलेली शेळी हे बिबट्यास दिलेले आमंत्रणच होय. पाळीव जनावर दगावल्यास वनरक्षकास तत्काळ कळवून पंचनामा करून घ्यावा; नियमांनुसार शासनाचे अर्थसाहाय्य मिळते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

चराईबंदीचा ठराव करताना पुढील गोष्टींचा विचार व्हावा. प्रत्येक जनावरामागे योग्य खुंटा, भोवरकडी आणि पुरेसे दावे आहे की नाही, याची घरोघर पाहणी करावी. गावातील लोहाराकडून जमिनीच्या प्रकारानुसार दोन-तीन नमुन्यांचे खुंटे एकत्रितपणे करवून घेतल्यास ते स्वस्त पडतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात एकाच लांबीचे निरनिराळे खुंटे रोवून घ्यावेत आणि कोणता अधिक ओढ सोसतो हे ताणकाट्याने मोजवून घ्यावे. तरफ, कोन आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ हे तिन्ही धडे त्यात येतात. सुटलेल्या जनावरासाठी कोंडवाडा आहेच, परंतु दंड करण्यापूर्वी खुंटा का उपटला हे पाहण्याची पद्धत पडली, तर तंटे कमी होतील.

ग्रामसभेने नियम केला म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक हंगामात तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो, जेथे सैल झाला असेल तेथे पुन्हा ठोकावा लागतो. खुंटा हलवून बळकट करण्याची ही रीत गावाच्या नियमांनाही लागू पडते.