प्रकाशाच्या आघाताने विरणारे चुंबकत्व

लोहचुंबक पुरेसा तापविल्यास त्याचे चुंबकत्व लोप पावते, हे शाळेतील विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. निकेल हा गुण ३५८ अंश सेल्सियसच्या सुमारास गमावते. मात्र त्यास वेळ किती लागतो, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे बोरपेर, बिगो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या अतिपातळ पटलावर ६० फेम्टोसेकंदांचा लेसर-स्पंद सोडला, तेव्हा एका पिकोसेकंदाच्या आतच त्याचे चुंबकत्व पुष्कळसे ओसरले. सेकंदाचे लाख कोटी भाग केल्यास त्यांतील एक भाग म्हणजे पिकोसेकंद; फेम्टोसेकंद त्याचाही सहस्रांश होय.

एवढा अल्प काळ मोजणारे घड्याळ नाही. म्हणून स्पंदाचे दोन भाग करतात. पहिला आघात करतो, दुसरा किंचित मागाहून येऊन पटलाची स्थिती पाहतो. दुसऱ्याच्या मार्गातील आरसा १५ मायक्रॉन मागे सरकविला की प्रकाशास जाऊन-येऊन ३० मायक्रॉन अधिक अंतर पडते व १०० फेम्टोसेकंदांचा विलंब होतो. काळ मोजण्याचे काम असे अंतरावर सोपविले जाते. या विषयातील सर्वांत सुबोध भाग हाच असून तो वर्गात फळ्यावर सहज समजाविता येईल.

तथापि मिश्रधातूतील कोणते मूलद्रव्य काय करते, हे दृश्य प्रकाश नीट सांगू शकत नाही. क्ष-किरणांची ऊर्जा लोहास किंवा गॅडोलिनियमास अनुरूप निवडली, तर त्याच मूलद्रव्याची साक्ष मिळते. या दोहोंची चुंबकत्वे मिश्रधातूत परस्परविरुद्ध असतात. बर्लिन येथील क्ष-किरण केंद्रात झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लेसरच्या आघातानंतर लोहाचे चुंबकत्व सुमारे ३०० फेम्टोसेकंदांत उलटले. गॅडोलिनियमास मात्र दीड पिकोसेकंद लागले. मधल्या क्षणी दोन्ही एकाच दिशेस होती! असे क्ष-किरण-स्पंद देणारी केंद्रे जगात मोजकीच असल्याने पीएच.डी.च्या संशोधकास तेथे थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत अहोरात्र पाळ्या चालतात आणि मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यात पुढील कित्येक महिने जातात.

खरा पेच वेगळाच होता. चुंबकत्वाबरोबर इलेक्ट्रॉनांचा कोनीय संवेगही असतो, आणि संवेग नष्ट होत नाही. मग तो जातो कोठे? टांगलेल्या लोखंडी दांड्याचे चुंबकत्व पालटले की दांडा किंचित फिरतो, हे आइन्स्टाइन व डी हास यांनी १९१५ साली दाखविले होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसरवर केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून असे आढळले की, लोहातील गमावलेल्या संवेगापैकी सुमारे ८० टक्के संवेग अवघ्या २०० फेम्टोसेकंदांत अणूंच्या स्फटिकी रचनेकडे जातो. १९१५ सालच्या दांड्याप्रमाणेच येथेही संवेग शेवटी अणूंच्याच पदरी पडतो. मात्र या वेळी तो तेथे पोहोचताना पाहता आला.