वाचलेलं पेपरात का आठवत नाही?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. विज्ञानाचे धडे तीन-तीनदा वाचते, तरी सराव परीक्षेत आठवत नाही, पेपरही अर्धवट राहतो. तिची स्मरणशक्ती कमी आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : स्मरणशक्तीची काळजी सोडा. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय मला’ असा समज होतो. पेपरात पुस्तक समोर नसतं, आठवून लिहावं लागतं. त्याचाच सराव राहून गेलाय. धडा एकदा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती न बघता काढायची, नावं द्यायची, मग पुस्तकाशी ताडायची. चुकलेलं दोन दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला कागद बराचसा रिकामा राहील, तेव्हा कृपा करून रागावू नका.

विज्ञान भाग १ हा 40 गुणांचा, दोन तासांचा पेपर. म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. दोन गुणांना पानभर लिहिलं तर वेळ कसा पुरणार? आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवू द्या. अडलं तिथे जागा सोडून पुढे जायचं.

पेपरच्या धास्तीनं झोप किंवा जेवण उडालं असेल, तर मात्र समुपदेशकांना भेटा.