जिप्सम बोर्डचे सांधे: तीन हात, तीन फेऱ्या आणि शेवटचा हप्ता



फॉल्स सीलिंगच्या धंद्यात बोर्ड चढवणं दिसतं, सांधे भरणं दिसत नाही. पण पार्टी शेवटचा हप्ता अडवते ती सांध्यामुळेच. रंग झाला, ट्यूब लागली आणि छतावर सरळ रेघ उमटली, की फोन येतो. मग स्वतःच्या खर्चाने परत जावं लागतं. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दाखवलंय. इथे क्रम आणि हिशोब लिहून देतोय.

भेग का पडते?

दोन बोर्ड हे दोन वेगळे तुकडे आहेत. हवेतला ओलावा, पंख्याची थरथर, वरच्या मजल्यावरची हालचाल यामुळे ते जरा जरा हलतात. नुसतं पीओपी किंवा पुट्टी भरली तर ती ताण सोसत नाही. ताण सोसते टेप. म्हणून टेप वाचवणं म्हणजे बचत नाही, उधारी आहे.

कामाचा क्रम

१. स्क्रूचं डोकं बोर्डच्या किंचित आत हवं, पण कागद फाटता कामा नये. बोर्ड हलत असेल तर आधी फ्रेम बघा. ३ मिमीपेक्षा मोठी फट आधी भरून वाळू द्या.

२. पहिला हात: सांध्यावर जॉइंटिंग कंपाउंड सलग लावा, त्यावर कागदी टेप मधोमध बसवा आणि ६ इंची पट्टीने दाबत न्या. टेपखाली कंपाउंडचा पातळ थर राहिलाच पाहिजे. कोरडी जागा राहिली की तिथे फुगा येणार. टेपवर टेप चढवू नका.

३. दुसरा हात: पूर्ण वाळल्यावर ८ ते १० इंची पट्टीने.

४. तिसरा हात: १२ इंची पट्टीने, कडा शून्यावर आणत.

५. शेवटी १५० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. टेप उघडी पडली तर जास्त घासलंय. ही धूळ छातीत जाते, म्हणून पोरांना मास्क द्याच. मग प्राइमर.

बोर्डच्या लांब कडा खोलगट असतात, तिथे टेप आत बसते. आखूड किंवा कापलेल्या कडा सपाट असतात, तिथे टेपचा उंचवटा राहतो. तो लपवायला कंपाउंड दीड फुटापर्यंत पसरावं लागतं. नवशिक्याची चूक इथेच दिसते.

जाळीची फायबर टेप वापरणार असाल तर पहिल्या थराला पाणी घालून कालवायचं, घट्ट होणारं सेटिंग कंपाउंड घ्या. ते घट्ट व्हायला लागल्यावर पुन्हा पाणी घालून वापरू नका.

आता हिशोब

समजा, १० बाय १२ ची खोली आहे. ६ बाय ४ चे ५ बोर्ड लागतात. बोर्डची लांबी १२ फुटांच्या दिशेने ठेवली तर २ लांब सांधे येतात, म्हणजे २४ फूट. मधली ओळ अर्ध्या बोर्डने सरकवून लावली तर आडवे सांधे १४ फूट. एकूण ३८ रनिंग फूट, भिंतीकडची कड वेगळी.

हे ३८ फूट एका हाताला फार वेळ खात नाहीत. वेळ खातं वाळणं. तयार बादलीतलं कंपाउंड साधारण एक दिवस घेतं, पावसाळ्यात जास्त. म्हणजे काम थोड्या तासांचं, पण फेऱ्या तीन आणि घासायची चौथी. दर फक्त स्क्वेअर फुटावर काढलात तर गाडीभाडं आणि कारागिराचा मोडलेला दिवस तुमच्या खिशातून जातो. म्हणून जवळजवळच्या दोन साइट एकत्र धरा: आज इथे पहिला हात, उद्या तिथे.

कोटेशनमध्ये काय लिहाल?

अमेरिकेत ड्रायवॉलच्या फिनिशिंगला ० ते ५ अशा लेव्हल ठरलेल्या आहेत. लेव्हल ४ म्हणजे सपाट सांध्यावर टेप आणि वर दोन वेगळे थर. लेव्हल ५ म्हणजे त्यावर संपूर्ण पृष्ठभागावर एक पातळ थर. आपल्याकडे पार्टी लेव्हल विचारणार नाही, पण तुम्ही साध्या भाषेत दोन दर द्या: "फक्त सांधे" आणि "पूर्ण छत". चकचकीत रंग किंवा छताला घासून जाणारा कोव्ह लाइट असेल तर दुसराच दर सांगा आणि कारणही सांगा.

टेप बसवल्यावर प्रत्येक सांध्याचा फोटो काढून पार्टीला पाठवा. नंतर ती झाकली जाते. आणि रंगाऱ्याला साइट देण्याआधी अंधार करून टॉर्च छताला तिरपी धरा. जे उद्या पार्टीला दिसणार, ते आज तुम्हाला दिसेल.

गृहपाठ: तुमच्याच घराच्या एका खोलीचं माप घ्या. बोर्डची मांडणी कागदावर काढा, लांब आणि आडवे सांधे वेगळे मोजा, फेऱ्या धरून दर काढा. हा कागद हातात असल्याशिवाय पहिल्या पार्टीला भाव सांगू नका.